नऊ रिकामे खण

४ मार्च

भाऊजी,

नमस्कार. हे गेल्यानंतरचं माझं तुम्हाला पहिलंच पत्र. तुमच्या दोन ओळी तेव्हा पोचल्या होत्या. तुम्ही का आला नाहीत ते मी विचारणार नाही. ज्यांना विचारायचा हक्क होता ते आता नाहीत, आणि त्यांनीही विचारलं नसतं. मी एका कामासाठी लिहिते आहे.

जागेच्या मालकाला पुढची सुतारशाळा आणि मागच्या आपल्या दोन खोल्या परत हव्यात. मेअखेर रिकामं करून द्यायचं आहे. मी हो म्हटलं. एकटीला एक खोली पुष्कळ झाली, आणि सुतारच नाही तर सुतारशाळा धरून ठेवून काय करायचं? करवती, पटाशा, गिरमिटं काढून वेगवेगळी लावली. भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सगळं वजनावर बघितलं, पण मामंजींची ती रंध्यांची पेटी उघडली आणि तराजू बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांना घेऊन आला. त्यांच्या खिशात भिंग होतं आणि ते दर दोन मिनिटांनी बाहेर यायचं, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात भिंगवाले म्हणते. जुनी हत्यारं गोळा करणं हा त्यांचा नाद आहे आणि धंदाही.

पेटीत एका बाजूला ह्यांचे नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ रिकामे खण. ह्यांचे मी त्यांना बाहेर काढू दिले नाहीत, वरूनच बघा म्हटलं. त्यांनी विचारलं, "बाई, बाकीचे नऊ?"

"धाकट्या दिरांकडे आहेत."

"म्हणजे जोड्या फोडून वाटणी केली?"

"सासऱ्यांनी केली. खोलगट तळाचे थोरल्याला, फुगीर तळाचे धाकट्याला."

त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे एकाला डावा बूट आणि दुसऱ्याला उजवा!"

"दोघांनी बरोबर चालावं म्हणून," मी म्हटलं.

ते हसले. मला हसू आलं नाही.

मी त्यांना विचारलं, असं काय आहे या लाकडाच्या ठोकळ्यांत? तर म्हणाले, ज्या घराण्याने हे केले ते तीन पिढ्या फक्त रंधेच करायचं. लाकूड कापून आणल्यावर दहा वर्षं नुसतं ठेवून द्यायचे, मगच त्याला पातं लावायचे. आजा लाकूड ठेवायचा आणि नातू त्याचा रंधा करायचा, असंसुद्धा व्हायचं. शेवटचा कारागीर निपुत्रिक गेला आणि कुलूप लागलं. त्यात हे जोडीचे रंधे: खोलगट तळाचा लाकडावर गोलाई काढतो, फुगीर तळाचा तिच्याशेजारची खोबण काढतो, म्हणून एकाशिवाय दुसरा अर्धा. असे अठरा, एकाच शिक्क्याचे, एक ते नऊ आकडे घातलेले, सगळे जागच्या जागी, असा संच त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला. कुठे वारसांनी वाटून घेतले, कुठे थंडीत जाळले. यंत्रं आली तेव्हा कुणाला त्यांची कदर राहिली नाही. आता उरले नाहीत म्हणून कदर आली. माणसांचंही तसंच असतं, पण ते मी त्यांना बोलले नाही.

किंमत त्यांनी सांगितली ती मी पत्रात लिहीत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. पण ती अठरांची. नुसत्या नवांना ते विचारत नाहीत.

तुमचे नऊ आहेत का? असतील तर जे येईल त्यातलं अर्धं तुमचं.

वहिनी


१९ मार्च

वहिनींना नमस्कार.

दादा गेला आणि तीन महिन्यांत पेटी बाजारात? वा. मला वाटलं होतं निदान वर्ष तरी जाईल.

माझे नऊच्या नऊ आहेत. कुठे आहेत, कसे आहेत ते माझं मी बघतो. विकायचे नाहीत. तुमच्या भिंगवाल्यांना सांगा, धाकटा अजून जिवंत आहे, त्याची हत्यारं तो मेल्यावर मोजायला या.

माझं चांगलं चाललंय. हाताखाली माणसं आहेत, यंत्रं आहेत, मान वर करायला सवड नाही. म्हणूनच तेव्हा येता आलं नाही. ज्यांना समजून घ्यायचं ते घेतील.

एक विचारतो, राग नका मानू. माझ्याकडचे फुगीर नसताना दादा खोबणी कशा काढायचा? एवढी वर्षं त्याने चौकटी केल्या, कठडे केले, देव्हाऱ्यासारखी कपाटं केली. खोबणीशिवाय झाली असतील? मला वाटतं तो पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडून रंधे मागून आणत असणार. त्या माणसाकडून! ज्याला बाबांनी दारात उभं केलं नाही त्याच्यापुढे हात पसरला, पण सख्ख्या भावाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. हे मला इतकी वर्षं खुपतंय. आता तो नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

आणि त्याचे नऊ शाबूत आहेत का, ते आधी नीट बघा. मग माझ्या नवांची चौकशी करा.

तुमचा,
धाकटा


२७ मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. "तीन महिन्यांत पेटी बाजारात" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून, आणि एकदा तुम्हाला किती लागलं असेल ते कळावं म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसे तुम्ही दोघं भाऊ. पण मी तुमच्या पिळातली नाही, त्यामुळे सरळ लिहिते.

हे गेले तेव्हापासून मी सकाळी उठते, पुढचं दार उघडते आणि मागे येते. सुतारशाळेत काम नसतं, पण दार उघडल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. भाकरी एकटीपुरती करायचा अंदाज अजून येत नाही. हे बाजारात मांडण्यासारखं नाही, म्हणून मी पेटी मांडली.

मिस्त्रीचं म्हणाल तर तुमचा संशय खोटा आहे. ह्यांनी त्याच्याकडूनच काय, कुणाकडूनही कधी काही मागून आणलं नाही. खोबणी कशा काढायचे ते मला माहीत नाही. तसलं काम असलं की दार लावून घ्यायचे. मी आतून हाक मारली तर, "आलो, आलो," म्हणायचे आणि यायचे नाहीत. मला वाटायचं बारीक काम आहे, लक्ष हवं.

ह्यांचे नऊ शाबूत आहेत, नऊच्या नऊ जागेवर बसलेले. बाहेर काढून मी ते कधी बघितले नाहीत. त्यांना हात लावायचा नाही, ही या घराची रीतच होती. मामंजींच्या वेळेपासून.

शेवटच्या दिवसांत ह्यांनी तुमचं नाव काढलं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारायचं मनात असणार, म्हणून सांगते. नाही काढलं. काढलं असतं तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. खोटं लिहून तुम्हाला रडवणं मला जमायचं नाही. पण एक आहे. दर आठवड्याला ते पेटी उघडून कोरड्या फडक्याने आतून पुसायचे. आधी ते नऊ रिकामे खण पुसायचे, बोट घालून, कोपरे काढून. मग भरलेल्या बाजूवरून नुसतं फडकं फिरवायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, काही नाही त्यात, काय पुसता एवढं?" तर म्हणाले, "धूळ बसते."

एवढंच. त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा.

भिंगवाले एक पुस्तिका ठेवून गेलेत. जुन्या हत्यारांची, भावांसकट. मला वाचायची हावच आहे. खिळे ज्या कागदात बांधून यायचे ते कागद सरळ करून वाचता वाचता मी शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही पुस्तिका मात्र वाचून जीव कडू झाला. सगळ्यांत महाग कोणतं हत्यार? जे कधी चाललंच नाही ते. पातं पुन्हा पाजळलेलं नसावं. मूठ मळलेली नसावी. दुकानातून आणला त्या दिवसाचं रोगण अजून असलं तर मग विचारूच नका. रोज राबलेलं असलं की भाव उतरला. एका दातांच्या डॉक्टरांकडे म्हणे काचेच्या कपाटात असे चाळीस रंधे आहेत आणि त्यांनी आयुष्यात एक ढलपी काढलेली नाही. मी भिंगवाल्यांना म्हटलं, "मग डॉक्टरांची दातांची हत्यारं सुताराने घेऊन कपाटात ठेवावीत, फिटंफाट." ते म्हणाले, "बाई, जे जपलं गेलं त्याची किंमत असते." मला वाटतं, हे जपत नव्हते का? राबवूनही जपता येतं. पण ते भिंगातून दिसत नसावं.

विकू नका. मीही विकत नाही. पण जागा जाण्याआधी एकदा येऊन बसून जा. या खोलीत काय काय झालं ते कळणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. शेजारीपाजारी येतात, "फार भला माणूस," म्हणतात. भला होताच. पण कठड्याचं वळण ते कसं घ्यायचे ते त्यांना कुठे कळतं? ते कुणाशी बोलू?

वहिनी


२० एप्रिल

वहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मागचं पत्र लिहिलं त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लहान तोंडी मोठा घास घेतला. विसरून जा म्हणणार नाही, तुम्ही विसरणाऱ्यांतल्या नाही.

खणांचं लिहिलंत ते मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

या पत्राबरोबर माझे नऊ पाठवतोय. लाकडाच्या खोक्यात आहेत, खोकं मीच केलंय, हसू नका. प्रत्येकाला कापड गुंडाळलंय. मला येता यायचं नाही. कामं आहेत. खरं सांगायचं तर माणूसही आता एकच आहे हाताखाली, आणि तोही अर्धा दिवस येतो. यंत्रं आहेत, पण ती एका कारखान्याची, मी तिथे पाळीवर जातो. पट्ट्या एका बाजूने आत जातात, गोलाई काढून दुसऱ्या बाजूने येतात. मी मोजतो. असो.

एक मागणं आहे. खोकं भिंगवाल्यांच्या पुढ्यात उघडू नका. आधी तुम्ही एकट्या उघडा. दादाच्या रंध्यांशेजारी लावा. मग मला कळवा. जे काही दिसेल ते कळवा. त्यानंतर विका, ठेवा, चुलीत घाला, मी विचारणार नाही.

दादा असता तर मी हे खोकं पाठवलं नसतं. एवढं लक्षात ठेवा.

धाकटा


२ मे

भाऊजी,

खोकं पोचलं. कोपरे छान जुळवलेत. ह्यांनी बघितलं असतं तर बोटाने चाचपून काहीतरी खोट काढली असती, म्हणजे आवडलं असतं.

तुम्ही सांगितलंत तसं एकटीने उघडलं. दार लावून घेतलं, आणि मग मलाच हसू आलं, की आता मीही दार लावून घेणाऱ्यांतली झाले. कापडं सोडली. एकेक तुमचा रंधा त्याच्या आकड्याच्या खणात ठेवायला लागले. एक बसला, दोन नंबरचा बसेना. मामंजींनी प्रत्येक खणाच्या तळाला त्या त्या रंध्याचा आकार कोरलाय ना, त्यात तो डगमगायला लागला. उलटा करून बघितला. तळ खोलगट. मला वाटलं तुम्ही चुकून भलताच पाठवला. पण शिक्का तोच, आकडा तोच. मग सगळेच उलटे केले. तुमच्या नवातले चार खोलगट. फुगीर तळ तासून खोलगट केलेले.

मी जमिनीवर बसूनच राहिले. हे दाखवायला तुम्ही पाठवलंत, हे कळलं. माझ्या हातून ह्यांना कळावं असं तुम्हाला वाटत होतं, आणि हे नाहीत म्हणूनच पाठवता आलं.

मग मनात आलं, ह्यांचे बघावेत. आजवर कधी बाहेर काढले नव्हते. एकेक काढून उलटा केला.

भाऊजी, ह्यांनीही केलंय. तीन रंधे. खोलगट तळ तासून फुगीर केलेले. खणात बसावेत म्हणून खाली फडक्याची घडी घातलेली, म्हणजे वरून बघणाऱ्याला कळू नये. वरून बघणारी मी एकटीच होते.

असे काढायचे खोबणी. मिस्त्रीकडून आणत नव्हते. वडिलांचे रंधे कापून काढत होते. म्हणून दार लावायचे.

भिंगवाल्यांना बोलावलं. लपवून काय करायचं होतं? त्यांनी भिंग लावून एकेक तळ बघितला, पातं काढून बघितलं, आणि भिंग खिशात ठेवलं. पहिल्यांदाच ते इतका वेळ खिशात राहिलं. म्हणाले, "संच मेला, बाई. हे कुणी केलं?"

"दोघांनी."

"एकमेकांना सांगून?"

"सांगून करायचं असतं तर कापायला कशाला लागले असते?"

ते म्हणाले, "उसने मागितले असते तरी चाललं असतं. एक चिठ्ठी." मी म्हटलं, "हो. एक चिठ्ठी." त्यांना वाईट वाटलं ते पैशाचं नव्हतं, हे मला दिसलं. माणूस वाईट नाही.

फक्त एक नंबरची जोडी त्यांनी घेतली. सगळ्यांत बारीक. तुम्ही दोघांनीही कधी वापरली नाही ती. रोगणसुद्धा उडालेलं नव्हतं. ज्याला तुमच्यापैकी कुणाचा हात लागला नाही त्याचे चांगले पैसे आले. सामान हलवायच्या गाडीचं भाडं आणि नव्या खोलीचा आगाऊ महिना त्यात भागेल. तुमचा अर्धा वाटा आजच वेगळा धाडलाय, परत करू नका.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती शेवटी ठेवली. पाच नंबर. कठड्याला लागतो तो, सगळ्यांत जास्त चालणारा. तो दोघांनीही कापलाय. म्हणजे ह्यांचा खोलगट होता तो आता फुगीर, आणि तुमचा फुगीर होता तो खोलगट. मी तळाला तळ लावून उजेडाकडे धरले. जोडी पुन्हा लागते. अगदी नाही लागत. मधून केसाएवढा उजेड येतो. पण लागते.

वहिनी


९ मे

वहिनी,

नीट बघितलंत ना? दादाने? दादाने बाबांचा रंधा कापला?

मी इथे आलो त्या पहिल्याच वर्षी एका जिन्याचं काम आलं होतं. हातचं जाऊ देणं परवडणारं नव्हतं. गोलाई काढायला खोलगट रंधा नाही. पत्र लिहायला बसलो. "दादा, पाच नंबर पाठव." एवढंच लिहायचं होतं. आमचं भांडण कशावरून झालं होतं माहीत आहे ना तुम्हाला? ओल्या लाकडावरून. मी गिऱ्हाइकाला तारीख दिली होती आणि दादा म्हणाला लाकूड वाळलं नाही, देणार नाही. मी म्हटलं तू काय लाकूड वाळेपर्यंत जगणार आहेस? असलं बोललो होतो. त्या तोंडाने रंधा कसा मागू? मग कापला. कापताना वाटलं बाबा मागे उभे आहेत.

दादा तो तसा रंधा बघून काय म्हणेल, या एका भीतीपोटी मी घरी आलो नाही. पहिल्यांदा नाही आलो म्हणून दुसऱ्यांदा नाही आलो. मग तर सवयच लागली. आणि तो तिकडे दार लावून तेच करत होता. मला हसावं की काय करावं कळत नाही. घरात विचारतात काय झालं, मी म्हणतो काही नाही, डोळ्यात भुसा गेला. कारखान्यात आता भुसासुद्धा नळीने ओढून नेतात, हे त्यांना माहीत नाही म्हणून बरं.

मी येतो. जागा देण्याआधीच्या रविवारी. दुपारच्या गाडीने. जेवायला थांबू नका, जेवून येईन. दादा कठड्याचं वळण कसं घ्यायचा ते मी सांगतो तुम्हाला, मला येतं ते, त्यानेच शिकवलंय. खिडकीपाशी उभं राहून, डावा पाय पुढे.

दोन्ही पाच नंबर बाहेर काढून ठेवा.

धाकटा


३ जून

भाऊजी,

वरचा पत्ता नवा आहे, लिहून घ्या. रविवारी मी पाच नंबर दोन्ही ह्यांच्या कामाच्या बाकावर काढून ठेवले होते. खिडकीसुद्धा पुसली. संध्याकाळ झाली, मग दिवा लावला, मग लावलेला दिवा विझवला.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण सोमवारी चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, "काकू, काल सुतारकाकांसारख्याच नाकाचा एक माणूस समोर उभा होता. दोन चहा घेतले. मी म्हटलं, त्या घरी जायचंय का? तर म्हणाला, नाही, गाडीची वाट बघतोय. आता या रस्त्याने गाडी कुठे जाते?"

म्हणजे तुम्ही आलात. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलात, सुतारशाळेचं उघडं दार बघितलंत आणि परत गेलात. मी आत, तुम्ही बाहेर, मध्ये एक रस्ता. मला तुमच्यावर रागवायचं होतं, पण सबंध दिवस मी तुम्हाला तिथे उभंच बघत राहिले, आणि राग कुठे गेला कळलं नाही. रिकाम्या बाकामागे दादा नाही, हे बघायला यायचं म्हणजे सोपं नव्हतं. मी रोज बघत होते म्हणून मला वाटलं सोपं आहे.

जागा दिली. बाक मोठा, कुठल्याच दारातून निघेना. ह्यांनी तो आतच बांधला होता. मालकाने तोडून काढला. मी तेव्हा तिथे नव्हते, मुद्दामच नव्हते.

या नव्या खोलीत एक खिडकी, एक दार, बाहेर सामाईक नळ. शेजारी शिंपीण राहते, तिचं मशीन सुरू झालं की मला बरं वाटतं, घरात कुणी काम करतंय असं वाटतं.

आता माझं एक काम आहे. तुम्हा दोघा भावांना मागता आलं नाही, मला येतं. या खोलीचं दार लागत नाही. चौकटीपर्यंत येतं आणि अडतं. जोर लावला तर चौकट हलते. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "बघू." रात्री खुर्ची लावून झोपते. शिंपीण म्हणाली बाजारातून कुणी सुतार आण. मी तिला म्हटलं, माझ्या घरचा आहे.

येऊन घासून द्याल का?

वहिनी


१० जून

वहिनी,

बुधवारी सुट्टी घेतली आहे.

दार आत उघडतं की बाहेर? बिजागऱ्या कुठल्या हाताला? कागदाची पट्टी घ्या, दार लोटा, आणि पट्टी फटीतून सगळीकडे फिरवा. जिथे अडकेल तिथे खडूने खूण करा. वर अडकली तर बिजागरी सैल झाली, खाली अडकली तर उंबरठा उचलला गेलाय, बाजूला अडकली तर लाकूड फुगलंय. नुसतं फुगलं असेल तर घाईने तासून चालत नाही. वाळू द्यावं लागतं. म्हणजे मला दोनदा यावं लागेल.

टपरीवाल्याचा चहा फार गोड होता.

धाकटा


१४ जून

भाऊजी,

आत उघडतं. बिजागऱ्या डाव्या हाताला. पट्टी फिरवली, ती बाजूला अडकते, मधोमध, वीतभर. खूण केली आहे.

खूण करताना मनात आलं ते लिहिते, नाहीतर बुधवारी बोलायचं राहून जाईल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ज्या दारांतून ये-जा केली ती सगळी मामंजींनी नाहीतर ह्यांनी केलेली होती. दार म्हणजे बोट लावलं की मिटणारी वस्तू, एवढंच मला माहीत. दार अडतं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं.

लाकूड वाळायला लागेल तेवढा वेळ लागू दे.

बुधवारी मी घरीच आहे. वाजवत बसू नका, सरळ आत या. कडी लावलेली नसते. ती लागतच नाही.

वहिनी